आकाश निरभ्र, मग होडी बंद का? मालवणच्या समुद्राचा मे महिना

ज्यांना कानात घालायला वेळ नाही किंवा ज्यांचे इअरफोन पुन्हा एकदा हरवलेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना मी भरकटते, तेवढं छाटलंय. बाकी जसं बोलले तसंच.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. पुण्याहून चौघं मित्र मे महिन्यात मालवणला गेले. सिंधुदुर्ग किल्ला बघायचा होता. लख्ख ऊन, ढगाचा ठिपका नाही, मोबाईलवर पिवळाधमक सूर्य. दुपारी जेवून जेट्टीवर आले तर होडीवाले म्हणाले, "आता नाय सोडनव." म्हणजे आता सोडत नाही. मित्रांचा प्रश्न असा की हवामान एवढं चांगलं असताना हे लोक नाही का म्हणतात? त्यांना वाटलं जास्त पैशासाठी नखरे चाललेत.

माझं आजोळ मालवण तालुक्यातलं. मामा बरीच वर्षं मासेमारीच्या होडीवर तांडेल होता, तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. त्यामुळे या प्रश्नावर मी जरा होडीवाल्यांच्या बाजूने बोलणार आहे, हे आधीच सांगते. पण बाजू घेण्याआधी कारणं समजून घेऊ, कारण ती खरंच भारी आहेत.

आधी जागा डोळ्यांपुढे आणा. सिंधुदुर्ग किल्ला ज्या बेटावर उभा आहे त्याचं नाव कुरटे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये इथे बांधकाम सुरू केलं आणि १६६७ पर्यंत किल्ला उभा राहिला. बेट केवढं, तर सुमारे ४८ एकर. तटबंदीचा फेरा साधारण तीन किलोमीटर. जेट्टीवरून होडीने दहा-पंधरा मिनिटं. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. मोजकी कुटुंबं आजही आत राहतात. बेटाच्या आजूबाजूला पाण्याखाली खडकच खडक, त्यातून होडीची वाट जाते. दरवाजा शहराच्या बाजूला, आणि पश्चिमेचा तट सरळ अरबी समुद्राला तोंड देऊन उभा.

एवढ्याशा बेटाचं स्वतःचं असं हवामान नसतंच. तिथे जे काही घडतं ते तीन ठिकाणांहून येतं. सह्याद्रीच्या बाजूने, समोरच्या समुद्रावरून, आणि तिसरं ठिकाण ऐकून तुम्ही म्हणाल की काहीही काय! अंटार्क्टिकाच्या अलीकडचा महासागर. त्याच्याकडे येतेच, पण आधी सोपं घेऊ.

सोपं म्हणजे वारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते, आठवतंय? दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतो तो खारा, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई. पेपरात दोन मार्क आणि विषय संपला. मालवणात मे महिन्यात मात्र या दोन वाऱ्यांवर अख्खा दिवस चालतो.

पहाटे मतलई वारा असतो, तोही मंद. समुद्र तेलासारखा गुळगुळीत. जमीन तापायला लागते तसा दहा-अकराच्या सुमारास वारा पालटतो आणि वायव्येकडून, पश्चिमेकडून खारा वारा सुरू होतो. दोन ते चार ही त्याची ऐन वेळ. मागे सह्याद्रीचे उतार तापलेले असतात, तेही हवा वर ओढून घेतात, म्हणून इथला खारा वारा चांगला दमदार असतो. ताशी वीस किलोमीटरच्या पुढे गेला की समुद्रावर ठिकठिकाणी पांढरा फेस दिसायला लागतो. सूर्य बुडाला की मंदावतो.

म्हणजे एकाच दिवशी, एकाच निरभ्र आकाशाखाली, सकाळी आठचा समुद्र आणि दुपारी तीनचा समुद्र हे दोन वेगळे समुद्र आहेत. तुमच्या फोनवर दोन्ही वेळेला सूर्याचंच चित्र असतं. ते चित्र ढग आणि पावसाबद्दल सांगतं, पाण्याबद्दल एक अक्षरही सांगत नाही. त्यामुळे 'सकाळी मालवणी मार्केट, दुपारी फिश थाळी, मग किल्ला' हा जो प्लॅन सगळे करतात, तो मे महिन्यासाठी साफ उलटा आहे असं माझं मत आहे. किल्ला सकाळी, थाळी नंतर. थाळी कुठे पळून जात नाही.

(उन्हाचं पण सांगते, कारण त्याबद्दल गैरसमज आहेत. मालवणचं मे महिन्याचं कमाल तापमान ३३-३४ अंश. नागपूरवाले हसतील. पण हवेत इतकी आर्द्रता असते की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर गार होत नाही. त्यात किल्ल्याचा दगड तापलेला. अकरानंतर तटावर फिरताना चक्कर येणारी माणसं मी पाहिली आहेत. पाणी न्या, टोपी न्या, पुढे चला.)

आता भरती-ओहोटी. इथे एक गणित सांगते, ते किनाऱ्यावरचे जुने लोक बोटांवर करतात आणि त्याला नेट लागत नाही. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिला पाऊणने गुणायचं. जो आकडा येईल तितक्या वाजता ढोबळमानाने भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी, आणि मध्ये सहा-सव्वासहा तासांवर ओहोटी. वीस-तीस मिनिटं इकडेतिकडे होतात, कधी जास्तही. पण पाणी चढतंय की उतरतंय एवढं कळायला पुरेसं आहे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्याचंच हे गणित आहे.

आता याच गणितातून एक गोष्ट बाहेर येते, ती मला फार आवडते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. त्या दिवशी भरती सकाळी सव्वाअकराच्या सुमारास. मग पाणी सगळ्यात जोरात उतरणार कधी? दुपारी दोन ते चार. आणि खारा वारा ऐन भरात कधी? दुपारी दोन ते चार! पाणी समुद्राकडे चाललंय आणि वारा समुद्राकडून येतोय. दोघं समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. होडी एका लाटेवरून उतरते न उतरते तोच दुसरी. हे दर उधाणाला होतं, कारण या किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमी याच वेळेच्या आसपास असते. जिथे नदी समुद्राला मिळते तिथे तर हे फारच जाणवतं. देवबागला कर्ली नदीचं मुख आहे, तिथे ओहोटीचं पाणी अरुंद जागेतून बाहेर पडत असतं, त्यामुळे दुपारच्या वाऱ्यात तिथलं पाणी अक्षरशः उकळल्यासारखं दिसतं.

किल्ल्याच्या वाटेवर प्रवाह तेवढा नसतो, पण दुसरी अडचण असते. उधाणाच्या दिवशी संध्याकाळी पाच-सव्वापाचला पाणी तळाला जातं. खडक वर येतात, काही अगदी पाण्याच्या पातळीशी लपून राहतात. शेवटच्या फेरीने परतणाऱ्यांची तीच वेळ. खडकातली वाट तांडेलाला पाठ असते, पण पाणी कमी आणि वर वाऱ्याच्या लाटा असल्या की चुकीला जागा उरत नाही. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, चढउतार कमी, म्हणून हा त्रासही कमी.

चला, आता ते तिसरं ठिकाण.

समजा आज मालवणात वारा पडलाय. सकाळचे नऊ. पाणी आरशासारखं. आणि तरीसुद्धा मामासारखा माणूस पाण्याकडे पाच मिनिटं बघून म्हणतो, "आज पाणी बरा नाय गो." मग काय बघितलं त्याने?

पृथ्वीच्या दक्षिण भागात, साधारण ४० ते ६० अक्षांशांच्या पट्ट्यात, वर्षभर वादळं फिरत असतात. तिथे वाऱ्याला अडवायला जमीनच फारशी नाही. आपल्याकडे उन्हाळा सुरू होतो तेव्हा तिकडे हिवाळ्याकडे वाटचाल असते आणि वादळं जोर धरतात. त्या वादळांनी उठवलेल्या लाटा वादळ विरून गेलं तरी प्रवास करत राहतात. हिंदी महासागर उत्तरेला भारताने बंद केलेला, त्यामुळे त्या लाटा येऊन येऊन कुठे येणार? आपल्याच किनाऱ्यावर. यांना इंग्रजीत स्वेल म्हणतात, आपण लांब लाट म्हणू.

अंतर बघा. मालवण १६ अक्षांश उत्तर. वादळ ४५-५० अक्षांश दक्षिण. म्हणजे जवळपास सात हजार किलोमीटर. दोन लाटांमध्ये १६ सेकंदांचं अंतर असेल, तर अशा लाटांचा समूह खोल समुद्रात ताशी साधारण ४५ किलोमीटर वेगाने पुढे सरकतो, दिवसाला हजार-अकराशे किलोमीटर. म्हणजे आज जी लाट किल्ल्याच्या तटावर फुटतेय ती जन्माला येऊन सहा-सात दिवस झालेत. ज्या वादळाने ती पाठवली ते केव्हाच संपलंय. तुमच्या आकाशात त्याची खूण सापडणार कशी?

खोल समुद्रात ही लाट दिसतही नाही. तिची लांबी चारशे मीटर आणि उंची एखादा मीटर, होडी नुसती हळूच वर उचलली जाते आणि खाली येते. पण लांब लाट खोलवर हलत असते. तळ वर यायला लागला की तिला तो लवकर जाणवतो, ती हळू होते, मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि लाट उभी राहते. शिवाय अशी लाट वळते. तुम्ही म्हणाल, किल्ल्याच्या मागे, शहराच्या बाजूला आडोसा आहे ना? आखूड लाटांना आहे. लांब लाट बेटाच्या दोन्ही बाजूंनी उथळ पाण्यात वळून मागे येते आणि दोन्हीकडून आलेल्या लाटा एकमेकींना छेदतात. म्हणून कधीकधी समुद्राच्या मधोमध होडी शांत असते आणि किल्ल्यापाशी उतरताना मात्र अशी वरखाली होते की पाय कुठे टाकावा कळत नाही. चढताना-उतरताना हात, बोटं, घोटा चिरडण्याचा धोका असतो तो इथे.

आणखी एक वाईट सवय आहे तिची. ती जथ्याने येते. पाच-सात मिनिटं काही नाही, सगळं शांत. मग एकामागोमाग पाच-सहा मोठ्या लाटा. मग पुन्हा शांत. खडकावर रील काढायला उतरणारे नेमके त्या शांत मिनिटांत उतरतात. 'बघ ना, खडक कोरडा आहे!' कोरडा आहे तो पाच मिनिटांसाठी.

केरळात याला खास नाव आहे, कल्लक्कडल. म्हणजे चोर समुद्र. वारा नाही, पाऊस नाही, आणि समुद्र गुपचूप घरात शिरतो. ३१ मार्च २०२४ ला केरळच्या किनाऱ्यावर असंच झालं, चांगल्या हवेत लाटा वस्त्यांमध्ये घुसल्या. त्यानंतर महिनाभराने, ४ आणि ५ मे ला, मुंबईकरांनाही समुद्रात उतरू नका असा इशारा दिला गेला. त्यात लाटांची उंची लिहिली होती अर्धा ते दीड मीटर. तेव्हा सोशल मीडियावर पुष्कळ थट्टा झाली की दीड मीटरला कसला इशारा? पण दीड मीटरची वाऱ्याची लाट आणि दीड मीटरची लांब लाट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाऱ्याची लाट चार-पाच सेकंदांत संपते. लांब लाट पंधरा सेकंदांची असते, तिच्यात पाणी प्रचंड असतं आणि ती किनाऱ्यावर चढतच राहते.

हे इशारे देते हैदराबादची संस्था, इन्कॉइस. भारताच्या समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र आहे ते, आणि त्यांचे अंदाज फोनवर फुकट बघता येतात. विंडीसारख्या ॲपवरही लाटांचा वेगळा थर असतो. तिथे तीन गोष्टी बघायच्या: उंची, दिशा आणि दोन लाटांमधले सेकंद. बहुतेक जण फक्त उंची बघतात. माझं ऐकाल तर सेकंद आधी बघा. बारा-तेराच्या वर असतील आणि दिशा नैऋत्य किंवा दक्षिण असेल, तर पाहुणे लांबून आलेत असं समजा. आणि उंचीचा आकडाही फसवा असतो बरं का. ॲपवर एक मीटर लिहिलं म्हणजे सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी. एखादी लाट जवळपास दुप्पट येऊ शकते.

नेट नसेल तर फोनचं स्टॉपवॉच आहेच. किनाऱ्यावरून एखादा खडक निवडा. त्यावर लाट फुटली की सुरू करा, पुढच्या दहा लाटा मोजा, थांबवा, दहाने भागा. पाच-सहा सेकंद आले तर जवळच्या वाऱ्याचं काम. चौदा-पंधरा आले तर समुद्र दिसतो तेवढा शांत नाही. मामा हेच करायचा, फक्त स्टॉपवॉचऐवजी विडी होती. बाहेरच्या ठराविक खडकावर लाट फुटतेय का आणि किती वेळाने फुटतेय, एवढंच तो बघत असायचा. लहानपणी मला वाटायचं की नुसताच बसलाय.

आता मे महिन्याच्या उत्तरार्धात काय बदलतं ते सांगते. दुपारनंतर सह्याद्रीवर ढग जमायला लागतात. वळिवाचा पाऊस. हे ढग कधीकधी पूर्वेकडून किनाऱ्याकडे सरकतात आणि त्यांच्या पुढे गार वाऱ्याचा झोत येतो, एकदम जमिनीच्या बाजूने. दिवसभर पश्चिमेचा वारा, आणि पाच मिनिटांत उलटा. किल्ल्याची शहराकडची आडोशाची बाजू त्या क्षणी वाऱ्याच्या तोंडी येते. वर वीज. मोकळ्या पाण्यात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमची होडी. म्हणून दुपारी तटावरून समुद्राचे फोटो काढून झाले की एकदा मागे वळून डोंगराकडेही बघा. तिकडे काळं दिसलं तर परतीची रांग धरा.

आणि चक्रीवादळं. अरबी समुद्र एप्रिल-मे मध्ये वर्षातला सगळ्यात गरम असतो, पृष्ठभागाचं पाणी तीस अंशांच्या आसपास. वादळांना तेच लागतं. तौक्ते आठवत असेल, मे २०२१. लक्षद्वीपजवळ तयार झालं, १६ मे ला सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून वर गेलं आणि १७ ला रात्री गुजरातेत धडकलं. मालवणात ते धडकलंसुद्धा नव्हतं, नुसतं बाजूने गेलं होतं, तरी होड्या फुटल्या, झाडं आडवी झाली आणि कितीतरी दिवस वीज नव्हती.

या सगळ्यामुळे दरवर्षी २६ मे पासून ३१ ऑगस्टपर्यंत किल्ल्याची होडीसेवा आणि जलपर्यटन बंद ठेवतात. पाठोपाठ १ जूनपासून यांत्रिक मासेमारीही बंद होते. तारीख ठरलेली आहे ते बरंच आहे, पण समुद्र काही कॅलेंडर बघून चालत नाही. २०२५ मध्ये मॉन्सून २४ मे ला केरळात आला आणि २५ मे ला थेट देवगडपर्यंत पोचला. देवगड म्हणजे मालवणच्या शेजारचा तालुका. एरवी केरळातच त्याची तारीख १ जून असते! म्हणजे कागदावर 'सुरू' असलेला हंगाम प्रत्यक्षात आधीच संपला होता. उलट बाजूचं उदाहरण सांगताना वाईट वाटतं. २४ मे २०२२ ला, हंगाम संपायला दोन दिवस असताना, तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. मे च्या शेवटच्या आठवड्यात सुट्ट्या संपत आलेल्या असतात, गर्दी तुडुंब असते, प्रत्येकाला 'आजच' जायचं असतं, आणि होडीवाल्यालाही पुढचे तीन महिने कमाई नसते. 'नाही' म्हणणं त्याला परवडत नाही, तरी तो म्हणतो. तो म्हणत असेल तर घासाघीस करू नका, प्लीज. आणि तो हो म्हणाला तरी लाइफ जॅकेटचे पट्टे लावा, नुसतं गळ्यात अडकवून फोटो काढू नका.

मग त्या चौघा पुणेकरांना उत्तर काय? त्यांनी सांगितलेली तारीख मी पंचांगात बघितली. अमावास्येचा दुसरा दिवस, वेळ दुपारी अडीच. म्हणजे उधाणाची ओहोटी जोरात आणि खारा वारा ऐन भरात. त्या दिवशी लांब लाटा होत्या का ते मला माहीत नाही, पण एवढं पुरेसं होतं. सकाळी साडेआठला गेले असते तर पाणी चढतं होतं, वारा नव्हता, बहुधा किल्ला बघून अकरापर्यंत परत आले असते.

पावसाळ्यात त्या बेटावर काय होतं, आत राहणारी माणसं तीन महिन्यांची बेगमी कशी करतात, कोण गावात येतं आणि कोण आतच राहतं, हा वेगळाच विषय आहे. त्यावर आगोटीच्या सुमारास एक भाग करायचा विचार आहे. कुणाच्या घरी त्या दिवसांच्या आठवणी असतील तर व्हॉइस नोट पाठवा. मालवणीत पाठवलीत तरी चालेल, उलट बरंच होईल.